तेलाच्या दाबाची साक्ष

यंत्राची शक्ती वाढविण्याची हौस मोटारीइतकीच जुनी आहे, आणि वाढलेल्या शक्तीचा मोबदला यंत्र कोणत्या रूपाने वसूल करून घेते, हे हौस करणाऱ्यास बहुधा मागाहूनच उमगते. सिलिंडरात अधिक हवा शिरावी म्हणून कॅमशाफ्ट बदलावा, त्याच्या जोडीला व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा घालाव्यात, ‘एवढे उघडलेच आहे तर’ म्हणून ऑइल पंपही नवा बसवावा, सारे नट-बोल्ट यथास्थित आवळून इंजिन सुरू करावे, त्याचा भारदस्त झालेला आवाज ऐकून मालकाने समाधान पावावे, आणि त्याच वेळी डॅशबोर्डावरील तेलदाबाचा काटा, जो परवापर्यंत आपल्या जागी निश्चल उभा असे, तो हळूहळू खाली कलू लागावा, असा प्रसंग हौशी मंडळींवर आणि नाणावलेल्या मिस्त्रींवरही वारंवार येतो. अशा वेळी चटकन सुचणारे दोन उपाय, म्हणजे अधिक जाड तेल घालणे आणि अधिक मोठा पंप बसविणे, हे काटा वर आणण्याचे उपाय खरे; पण काटा वर आल्याने इंजिनाचा रोग गेला असे मुळीच होत नाही, उलट तो झाकला जाऊन अधिक बळावण्याचीच धास्ती असते. काट्याची साक्ष कशी घ्यावी, ती खरी की खोटी याची शहानिशा कशी करावी, आणि बिनखर्चाच्या तपासापासून आरंभ करून खर्चिक तपासापर्यंत कोणत्या क्रमाने जावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच इंजिन समोर ठेवू. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीचे ‘एलएस-१’ हे इंजिन १९९७ च्या शेवरोले कॉर्व्हेट मोटारीत प्रथम आले. आठ सिलिंडरांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, ५.७ लिटरचे आणि ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे हे इंजिन बळकट, आटोपशीर आणि सुधारणेस अनुकूल असल्यामुळे त्याचे घराणे तेथील हौशी मंडळींच्या हाती फार पडले. कॅमशाफ्ट बदलणे हा तर या घराण्याच्या इंजिनांचा जणू नित्याचा संस्कारच होऊन बसला. जनरल मोटर्स हे नाव आपणास परके नाही. १९२८ साली या कंपनीने मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता आणि त्यानंतर ऐंशी वर्षांनी पुण्याजवळ तळेगावास आणखी एक काढला. परंतु एलएस इंजिनाचा सारा संसार अमेरिकेतला, आणि त्याच्या व्याधीही तिकडच्या गॅरेजांतच तपासल्या गेल्या. म्हणून आपणही त्यास तेथेच ठेवून पाहू.

पहिला प्रश्न असा की, तेलाच्या दाबाने इंजिनात नेमके काय साधते? पुष्कळांची समजूत अशी असते की, पंप जोराने तेल ढकलतो आणि त्या जोरावर क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगांपासून अलग उचलून धरला जातो. ही समजूत शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीच एका प्रयोगाने निकालात निघाली आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडातील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर हा अभियंता फिरत्या आसाच्या घर्षणावर प्रयोग करीत होता. चार इंच व्यासाचा दंड, त्याच्या डोक्यावर पितळी अर्धकवच, आणि दंडाचा खालचा भाग तेलाच्या भांड्यात बुडालेला, अशी त्याची योजना होती. कवचाच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्याने अर्ध्या इंचाचे भोक पाडले, तो दंड फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून उसळून बाहेर येऊ लागले. त्याने भोकात बूच मारले, ते निघून आले. लाकडी खुंटी ठोकली, तीही आतून रेटली जाऊन बाहेर पडली. अखेर तेथे दाबमापक जोडला, तेव्हा त्याचा काटा चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरील ओझे मात्र सरासरीने चौरस इंचास १०० पौंडांचेच होते! फिरणारा दंड स्वतःच तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या जागेत ओढून नेतो आणि तेथे प्रचंड दाब उत्पन्न करून आपणच आपल्याला तरंगत ठेवतो, याचे गणिती विवरण पुढे १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स याने केले.

तात्पर्य असे की, क्रँकशाफ्टला उचलून धरणारा दाब बेअरिंगच्या आत, फिरण्यातूनच निर्माण होतो आणि स्फोटाच्या क्षणी तो चौरस इंचास हजारो पौंडांच्या घरात असतो. त्यापुढे पंपाचे तीस-चाळीस पौंड म्हणजे काहीच नव्हेत. पंपाचे काम निराळे आणि नम्र आहे. बेअरिंगच्या दोन्ही कडांनी तेल सतत निसटून जात असते. जेवढे निसटले तेवढे ताजे व थंड तेल वेळेवर पोचविणे, आणि जाताना उष्णता वाहून नेणे, एवढीच चाकरी त्याने बजावायची असते. ही चाकरी चुकली की पाचर रिकामी राहते, धातू धातूला भिडतो, आणि मग काही सेकंदांत जे होते त्याची दुरुस्ती खरादेवरच होऊ शकते.

डॅशबोर्डावरील आकडा मग कशाचा? तो प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आहे. इंजिनाचा पंप हा प्रत्येक फेऱ्यास ठराविक माप तेल पुढे सारणारा पंप आहे. त्या तेलास निसटण्याच्या वाटा जितक्या अरुंद तितका दाब अधिक, जितक्या रुंद तितका कमी. बागेतील रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की नळी ताठरते आणि अंगठा काढला की ती सैल पडते, पण नळातून येणारे पाणी फारसे वाढत वा घटत नाही, तोच हा न्याय. यातील एक बाब ध्यानी ठेवण्याजोगी आहे: बेअरिंगच्या कडेने गळणारे तेल हे फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. इंजिन जोडणाऱ्यांचा जुना आडाखा असा की, दंडाच्या व्यासाच्या दर इंचास सुमारे एक सहस्रांश इंच एवढी फट असावी. एलएस-१ च्या मुख्य बेअरिंगचा दंड सुमारे अडीच इंचांचा, तेव्हा तेथे अडीच सहस्रांशाच्या आतबाहेरचा कारभार चालतो, आणि एका सहस्रांशाची चूकही काट्यावर स्पष्ट उमटते.

आता दाब किती असावा? शर्यतीच्या इंजिनवाल्यांमध्ये रूढ असलेला नियम, मिनिटास दर १००० फेऱ्यांमागे चौरस इंचास १० पौंड, असा आहे, आणि कष्टविल्या जाणाऱ्या इंजिनास तो बरा आहे. पण खुद्द कंपनीने या घराण्यास लावून दिलेली किमान मर्यादा पाहिली तर आश्चर्य वाटते: इंजिन पुरते तापलेले असताना १००० फेऱ्यांस ६ पौंड, २००० फेऱ्यांस १८ आणि ४००० फेऱ्यांस २४. म्हणजे ज्या आकड्याने मालकाची झोप उडावी, तो पुष्कळदा कायद्याच्या चौकटीत बसणारा असतो. तरीही, ज्या इंजिनात पूर्वी ३५ पौंड दिसत असत तेथे त्याच उष्णतेला आणि त्याच फेऱ्यांना १५ दिसू लागले, तर केवळ मर्यादा ओलांडली नाही म्हणून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. कारण मधल्या काळात काहीतरी बदलले आहे, आणि काय बदलले ते शोधणे अगत्याचे आहे.

त्यासाठी एलएस इंजिनाची तेलव्यवस्था थोडी जवळून पाहिली पाहिजे. शेवरोलेचे १९५५ साली निघालेले जुने व्ही-८ इंजिन आणि हे नवे यांत एक मूलभूत फरक आहे. जुन्यात पंप खाली, तेलाच्या चेंबरमध्ये, मागच्या मुख्य बेअरिंगच्या टोपीला टांगलेला असे आणि डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याने फिरे. डिस्ट्रिब्यूटर उपसून त्या जागी ड्रिल लावले की इंजिन न फिरवताही सर्वत्र तेल खेळविता येई. एलएस इंजिनात डिस्ट्रिब्यूटरच नाही. पंप क्रँकशाफ्टच्या पुढच्या नाकावर, टायमिंगच्या झाकणाआड बसतो आणि क्रँकशाफ्टबरोबर फेऱ्यास फेरा फिरतो. त्यामुळे तो तेलाच्या पातळीपेक्षा वर राहतो आणि चेंबरमधील तेल त्याला एका लांब शोषणनळीने वर ओढून घ्यावे लागते. ही नळी पंपाला जेथे मिळते तेथे एकच बोल्ट आणि एकच रबरी ओ-रिंग असते. दाबाच्या बाजूचा सांधा गळला तर तेल बाहेर दिसते. शोषणाच्या बाजूचा सांधा गळला तर बाहेर थेंबही येत नाही, आत हवा शिरते. फेसाळ तेल बेअरिंगांकडे जाऊ लागते, आणि ज्या ठिकाणी दोष आहे ती जागा दिसावयास कोरडी व निर्मळ असते. या इंजिनाच्या कॅमशाफ्ट बदलानंतरच्या तक्रारींत ही क्षुद्र कडी सर्वांत बदनाम आहे, हे योगायोगाने घडलेले नाही.

तेव्हा तपासाचा पहिला दंडक असा: ज्या जागी हात लागला, संशय प्रथम त्या जागी. कॅमशाफ्ट बदलताना टायमिंगचे झाकण निघते, पंप निघतो, शोषणनळीचा बोल्ट सैल होतो, कॅमशाफ्टला जागेवर धरणारी पट्टी निघते आणि कॅम स्वतः आपल्या बेअरिंगांतून लांबवर ओढून काढला व पुन्हा घातला जातो. यांपैकी प्रत्येक पायरीवर दाब गमावण्याची एकेक वाट आहे. उलट, ज्या भागास कोणी स्पर्शही केला नाही तो भाग त्याच मुहूर्तावर आपण होऊन नादुरुस्त होणे अशक्य नसले तरी विरळा. या इंजिनाच्या मागच्या बाजूस, मागील झाकणाच्या आड, एक डंबेलच्या आकाराची गुडदी असते. ती न गाळलेल्या तेलाला गाळलेल्या तेलात मिसळू देत नाही, आणि ती विसरली वा तिची कडी फाटली तर तेल आडवाटेने जाते. पण मागचे झाकण काढलेच नसेल, तर त्या गुडदीचे नाव आरोपींच्या यादीत अगदी शेवटी लिहावे.

संशयितांची यादी मनाशी करताना मात्र इंजिन चालू ठेवू नये. नव्या जोडणीनंतर पहिल्या काही क्षणांत काटा उठला नाही, तर ‘बघू, उठेल’ म्हणून वाट पाहणे हा जुगार आहे. पंप कोरडाच बसविला असेल तर तो हवा घोळवीत राहतो आणि तेल ओढू शकत नाही. म्हणून बसविण्यापूर्वी त्यात तेल भरणे, आणि पहिल्यांदा इंजिन पेटू न देता, पेट्रोल व ठिणगी तोडून, नुसत्या स्टार्टरने फिरवून काटा उठतो की नाही ते पाहणे, हा शिरस्ता पाळावा.

काटा उठतो पण थोडा उठतो, अशा स्थितीत प्रथम साक्षीदाराचीच चौकशी करावी. मोटारीतील काटा हा तेलाशी थेट जोडलेला नसतो. इंजिनाच्या मागच्या अंगास, इनटेक मॅनिफोल्डच्या पलीकडे, हात जेमतेम पोचेल अशा अडचणीत एक विद्युत सेन्सर असतो, आणि त्याचे म्हणणे तारेने काट्यापर्यंत येते. हा सेन्सर खोटे बोलण्याबद्दल प्रसिद्ध आहे. शिवाय दुरुस्तीच्या धामधुमीत त्याची तार ओढली जाणे वा खटका अर्धवट बसणे हे तर नेहमीचेच. म्हणून नळीने तेल थेट घड्याळापर्यंत आणणारा साधा यांत्रिक दाबमापक जोडून पाहावा. तेलाच्या चेंबरच्या डाव्या अंगास, फिल्टरच्या वरच, दोन बोल्टांनी धरलेले एक लहान झाकण असते. त्या जागी जोड बसवून दाब मोजता येतो. दुसरा स्वतंत्र साक्षीदार म्हणजे कान. हायड्रॉलिक टॅपेटांना पुरेसे तेल मिळाले नाही की ती टिकटिक करू लागतात. काटा तळाशी आणि टॅपेटे मूक, तर सेन्सरवर संशय घ्यावा. काटा तळाशी आणि वरून टिकटिकही ऐकू येते, तर काट्यावर विश्वास ठेवून इंजिन तत्काळ बंद करावे.

साक्षीदार खरा ठरला म्हणजे तेलाकडे वळावे. पट्टी ओढून पातळी पाहावी, हे कोणीही सांगेल. पण पट्टीवरचे तेल बोटांत घेऊन हुंगावे, हे पुष्कळ जण विसरतात. मोठ्या कॅममुळे मंद गतीस हवेची शोषणशक्ती घटते, पूर्वीचा पेट्रोलचा हिशेब तिला लागू पडत नाही, आणि संगणकाची नवी तजवीज होईपर्यंत इंजिन गरजेपेक्षा अधिक पेट्रोल पिऊ लागते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळते. तेलाला पेट्रोलचा वास येणे आणि न घालता पातळी वाढणे, ही त्याची दोन चिन्हे. असे पातळ झालेले तेल बदलावे आणि पेट्रोलचे प्रमाण सुधारावे. त्याआधी इंजिन उघडण्याचे कारण नाही.

तेलाच्या जातीचाही विचार येथेच करावा. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ पासून तेलांना अंक देण्याची पद्धत चालविली आहे. आजच्या मोजणीप्रमाणे ३० अंकाच्या तेलाची चिकटाई १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ४० अंकाच्या तेलाची १२.५ ते १६.३ असते. एलएस-१ साठी कंपनीने सांगितलेले तेल ३० अंकाचे. कारखान्याच्या फटी तशाच ठेवून नुसता कॅम बदलला असेल तर तेच तेल योग्य. परंतु शर्यतीसाठी बेअरिंगच्या फटी मुद्दाम सैल ठेवून इंजिन नव्याने बांधले असेल, तर ४० अंकाचे तेल वापरणे हा काही आडपडदा नव्हे, त्या बांधणीचाच तो भाग आहे. जाड तेल हे औषध की पांघरूण, हे फट मोजली आहे की नाही यावर ठरते. आणि तुलना नेहमी सारख्या परिस्थितीत करावी: मोठ्या कॅमच्या इंजिनाची मंद गतीही वाढवून घ्यावी लागते, तेव्हा पूर्वीच्या ६०० फेऱ्यांचा आकडा आजच्या ९०० फेऱ्यांशी ताडून पाहणे, किंवा थंड सकाळचा आकडा दुपारच्या तापल्या इंजिनाशी जुळविणे, हा हिशेबच चुकीचा.

यानंतर दाबाची चाल पाहावी, कारण एका आकड्यापेक्षा ती अधिक बोलकी असते. इंजिन थंड असता दाब भरपूर आणि तापल्यावर मंद गतीस घसरणारा, पण वेग वाढविताच सावरणारा, अशी चाल असेल तर तेल पातळ झाले आहे किंवा निसटण्याच्या वाटा रुंदावल्या आहेत. दाब वाढत वाढत एका ठिकाणी येऊन थांबतो आणि कितीही फेरे वाढविले तरी तेथून हलत नाही, व ते ठिकाण अपेक्षेहून बरेच खाली आहे, तर पंपातील रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला असावा. धातूचा एक बारीक कण त्यास पुरतो. मंद गतीस सारे ठाकठीक, पण ५००० फेऱ्यांच्या पुढे दाब कोसळतो, तर पंपाला ओढायला तेलच उरत नाही किंवा ओढताना हवा येते. काटा सारखा थरथरतो, तेलात फेस दिसतो, तर हवेचा संशय पक्का होतो. आणि दाब नेहमीपेक्षा फार जास्त असेल तर आनंद मानू नये: रिलीफ व्हॉल्व्ह बंदच बसला असेल, किंवा एखादा मार्ग चोंदून पलीकडचे भाग कोरडे पडत असतील.

चालीवरून जो कयास बांधला, त्याला मुद्देमालाचा आधार हवा, आणि तो फिल्टरमध्ये साठलेला असतो. जुना फिल्टर ठोकून वा हॅकसॉने कापू नये, कापताना उडालेला किसच मग पुरावा म्हणून पुढे येतो. त्यासाठी चाकाच्या पात्याचा कटर मिळतो, तो डब्याच्या काठाभोवती फिरवावा. आतील कागदाच्या चुण्या सोडवून, तेल निपटून, उन्हात पसरून पाहाव्यात. नव्या जोडणीत लावलेल्या ग्रीसचा काळपट राप आणि सिलिकॉनच्या चार-दोन सुरकुत्या दिसल्या तर घाबरण्याचे कारण नाही. फार तर त्या ग्रीसनेच फिल्टर चोंदला असेल. चुण्यांत भुरभुरीत चकाकी दिसली तर लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे टॅपेट, कॅम, साखळी वा पंप यांपैकी कोणाचे तरी. न चिकटणारे रुपेरी पापुद्रे बहुधा बेअरिंगचे. हे पापुद्रे दिसले की बाहेरून करावयाचा तपास संपला असे समजावे.

चुण्या स्वच्छ निघाल्या आणि चाल मात्र हवेचा संशय दाखविते, तर ओ-रिंगची परीक्षा घेण्याची एक सोपी युक्ती आहे. नेहमीच्या पातळीपेक्षा दीड-दोन लिटर तेल अधिक घालावे, म्हणजे शोषणनळीचा वरचा सांधा तेलात बुडतो आणि फटीतून हवेऐवजी तेल ओढले जाते. इंजिन काही क्षण मंद गतीस चालवून काटा पाहावा. तो पूर्वपदावर आला, तर आरोपी सापडला. ही परीक्षा गाडी जागेवर उभी असतानाच करायची. वाढीव तेल लगेच काढून टाकायचे, कारण पातळी वाढली म्हणजे फिरता क्रँकशाफ्ट तेल घुसळून त्याचा फेस करतो, आणि एक दोष शोधताना दुसरा उत्पन्न होतो.

कडी काढून पाहिली म्हणजे कथा स्पष्ट होते. कधी तिच्यावर चंद्रकोरीएवढा काप असतो, कारण नळी तिरपी घालून बोल्टाच्या जोराने तिला आत ओढले. कधी ती एका बाजूस चपटी व दुसऱ्या बाजूस जशीच्या तशी असते, कारण एकाच बोल्टाने धरलेला सांधा एका कडेने वर उचलला गेला. या घराण्यात सालागणिक नळ्यांची घडण बदलली असून प्रत्येकीस आपल्या मापाचीच कडी लागते. हाताला लागली ती बसविली तर ती सैल राहते किंवा चिरते. दुहेरी साखळीचा टायमिंग संच घातला असेल तर आणखी एक गुंता होतो. दुहेरी साखळी रुंद, म्हणून पंप तिच्यापासून दूर राहावा यासाठी त्याच्यामागे चकत्या घालून तो पुढे सरकवावा लागतो. पंप पुढे गेला आणि नळी जुन्याच जागी राहिली, तर सांधा वाकडा बसणारच. पंपाइतकीच नळीही पुढे घ्यावयास हवी, ही गोष्ट घाईत राहून जाते.

पंप उघडा पडलाच आहे, तर कॅमशाफ्टच्या पुढची पट्टीही पाहून घ्यावी. ती नुसती कॅमला धरीत नाही. तिच्या पाठीवरील रबरी किनार ब्लॉकमधील तेलवाहिन्यांची पुढची तोंडेही बंद करते. जुनीच पट्टी, दबून सपाट झालेल्या किनारीसह, पुन्हा बसविली, तर तेल टायमिंगच्या झाकणाआड मुकाट्याने निसटत राहते. बाहेर डाग नाही, चेंबरमधील पातळी तीच, आणि दाब मात्र कमी. पट्टी नवी घेण्याचा खर्च या सगळ्या कामात नगण्य आहे.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर चेंबर उतरवून बेअरिंगांच्या टोप्या उघडाव्या लागतात. टोपी काढून, दंड पुसून, त्यावर प्लास्टिगेजची मेणासारखी बारीक तार आडवी ठेवावी, टोपी टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळावी, क्रँकशाफ्ट न हलवता पुन्हा काढावी, आणि चेपलेल्या तारेची रुंदी सोबतच्या कागदी पट्टीशी ताडावी. तार जितकी रुंद चेपली तितकी फट कमी. कॅमच्या बेअरिंगांकडेही दुर्लक्ष करू नये. लांबलचक कॅमशाफ्ट गाडीतल्या गाडीत आत सारताना त्याच्या धारदार पाकळ्यांनी मऊ बेअरिंगावर ओरखडे पडतात, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे तेलास मिळालेली कायमची वाट.

आता आरंभी उल्लेखिलेल्या दोन लोकप्रिय उपायांकडे वळू. मोठा पंप अधिक तेल ढकलतो, त्यामुळे त्याच गळतीला अधिक दाब दिसतो, हे खरे. पण ओ-रिंगमधून हवा शिरत असेल तर मोठा पंप अधिक जोराने हवाच ओढील. शिवाय अधिक तेल वर गेले की ते चेंबरमध्ये परत येण्यासही वेळ लागतो; उच्च गतीस व्हॉल्व्हच्या झाकणांखाली तेल साचून राहते आणि चेंबर रिकामा पडतो. शर्यतीच्या मार्गावर लांब वळणांत तेल एका बाजूस लोटले जाऊन शोषणनळी उघडी पडण्याचा धोका असतोच, त्यात ही भर. खुद्द कंपनीने २००६ च्या कॉर्व्हेट झी-०६ मोटारीसाठी एलएस-७ इंजिन काढले तेव्हा नुसता मोठा पंप देऊन भागविले नाही. तेल स्वतंत्र टाकीत ठेवणारी ‘ड्राय संप’ व्यवस्थाच तिने अवलंबिली. जाड तेलाची गोष्टही निराळी नाही. कारण ठाऊक नसताना घातलेले जाड तेल आकडा वाढविते आणि त्याच वेळी अरुंद फटीतला प्रवाह मंदावते, म्हणजे काटा सुखावतो आणि बेअरिंग मात्र तापते. दाब हा प्रवाहाचा दाखला आहे. दाखल्यावर खाडाखोड केल्याने प्रवाह सुधारत नाही.

एवढ्या सर्व तपासाचा पाया ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती इंजिन उघडण्याच्या आधीच करावी लागते. ‘पूर्वी दाब चांगला होता’ या वाक्याला पुराव्याची किंमत नाही, कारण पूर्वी म्हणजे किती फेऱ्यांना, किती तापल्यावर, कोणत्या तेलाने, हे सांगता येत नाही. सुधारणेच्या आदल्या दिवशी इंजिन पुरते तापवून मंद गतीस, २००० फेऱ्यांस आणि ४००० फेऱ्यांस किती दाब दिसतो ते यांत्रिक मापकाने मोजून वहीत टिपावे. तेलाचा अंक, ते किती मैल चालले आहे, आणि त्या दिवसाची हवा थंड की उष्ण, हेही शेजारी लिहावे. जोडणीनंतर त्याच स्थितीत पुन्हा मोजावे आणि नव्या तेलावर पहिले काही शे मैल झाल्यानंतर तिसऱ्यांदा. दोन ओळींतील फरक किती आणि तो कोणत्या गतीस अधिक, एवढे वाचता आले की तपासाची दिशा वहीच ठरवून देते: फरक मंद गतीस असेल तर फटींकडे, उच्च गतीस असेल तर शोषणनळीकडे, सर्वत्र सारखाच असेल तर रिलीफ व्हॉल्व्हकडे वा मापकाकडे. ज्याच्याजवळ ही वही नाही त्याला प्रत्येक दोषाचा शोध पहिल्यापासून, आणि बहुधा इंजिन उघडूनच, करावा लागतो.